गाऱ्हाण्याचा नारळ आणि सहा मैलांपलीकडचे पाणी

मी मुंबईला गेलो तो मुंबई बघायला नव्हे. मुंबई मी तरुणपणीच बघितली आहे, तीही समुद्राच्या बाजूने, कौलांनी भरलेल्या मचव्याचे सुकाण हातात धरून. या खेपेला गेलो तो एकच गोष्ट विचारायला. भर समुद्रातले पाणी कोणाच्या हद्दीत येते?

शाळेचे मास्तर म्हणाले, जत्रेच्या अंकासाठी तुमच्या प्रवासाचे लिहून द्या. माझे शिक्षण मराठी चौथी, आणि तीही पुरी नाही. पण अक्षर चांगले आहे आणि जे बघितले ते बघितले. ज्याला पटणार नाही त्याने पान उलटावे.

आमचा गणू परदेशी मालबोटीवर आगवाला (बॉयलरची आग पेटती ठेवणारा) आहे. एकुलता एक. दिवाळी झाली की येतो म्हणून गेला होता. दिवाळी झाली, तुळशीचे लग्न झाले, गणू नाही. बंदरावर बातमी आली की सुवेझच्या कालव्यावर लढाई लागली आहे, मिसर देशाने कालव्यात जहाजे बुडवून वाट बंद केली आहे आणि आपल्याकडे यायच्या बोटी कुठच्या कुठे गेल्या आहेत. कुठे, ते बंदरावर कोणाला ठाऊक नव्हते.

आमची मंडळी, म्हणजे गणूची आई, मला म्हणाली, "नारळ ठेवा आणि गाऱ्हाणा घाला. वाट कसली बगतास?"

आता हे बाहेरच्या वाचणाऱ्याला सांगायला हवे. गाऱ्हाणे म्हणजे देवापुढे उभे राहून, नारळ ठेवून, सगळ्यांच्या वतीने मांडलेले मागणे. एकाने बोलायचे आणि बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणून साथ द्यायची. आमच्या गावात ते बोलण्याचा मान आमच्या घराचा आहे. आजाने घातले, बापाने घातले, मी घालतो. आणि त्याला नियम आहे. आमच्या देवाची सत्ता आमच्या शिवेपर्यंत. शिवेपलीकडे दुसऱ्या गावचा देव. आपला माणूस परगावी अडला तर आधी आपल्या देवाला सांगायचे, मग त्या हद्दीच्या देवाचे नाव घ्यायचे, म्हणजे हा त्याच्याकडे शब्द टाकतो आणि तो सांभाळतो. माझ्या चुलत्याचा बैल हरवला तेव्हा गाऱ्हाणे चुकीच्या शिवेवर घातले गेले. बैल वर्षाने सापडला, तोही दुसऱ्याच्या नांगराला.

"गणू कोणाच्या हद्दीत आहे ते कळल्याशिवाय मी तोंड उघडणार नाही," मी म्हणालो.

"मग जावा आणि इचारून येवा," ती म्हणाली. रागाने म्हणाली. पण मी गेलो.

आमच्या माडाचा एक नारळ पंच्यात बांधला आणि निघालो. बंदराकडे जायची सरळ वाट माझ्या जमिनीतून जाते. पूर्वी सगळी वाडी तिथून जात असे. मी तिथे गडगा (दगडावर दगड रचून केलेली कुंपणाची भिंत) घातला आहे. जमीन माझी, सातबारा माझा. लोक वहिवाट वहिवाट म्हणून कोर्टात गेले आणि दमले. आता टेकडीला वळसा घालून जातात. मी मात्र गडग्यावर पाय ठेवून पलीकडे उतरलो. मालकाला मनाई नाही.

आगबोट बंदराबाहेर उभी असते. पडावातून तिच्यापर्यंत जायचे आणि शिडीने वर चढायचे. डेकवर फणसाच्या साटांचा (वाळवलेल्या पोळ्यांचा), सुक्या मासळीचा आणि उलट्यांचा मिळून एक वास येत होता. मला समुद्र लागत नाही, म्हणून मी कठड्याशी बसून किनारा बघत आलो. किनारा मला पाठ आहे. मचव्यावर असताना मी तो कधी नजरेआड होऊ दिला नाही. मग सकाळी मुंबई दिसली. आधी गिरणीच्या चिमण्या, मग धूर, मग खाली जमीन. मचव्याच्या दिवसांपेक्षा चिमण्या वाढल्या होत्या की माझी नजर कमी झाली होती, ते कळले नाही.

भाऊच्या धक्क्यावर माझा भाचा बाबी घ्यायला आला होता. लालबागच्या गिरणीत साचे (कापडाचे माग) चालवतो. पंच्यातला नारळ बघून म्हणाला, "मामानू, मुंबयत नारळ गावतत."

"घरचा गावतो काय?"

"नाय."

"मग चल."

लालबागला चाळीत आमच्या गावची एक खोली आहे. गावचे बाप्ये तिथे पाळीपाळीने राहतात. एक पाळीवरून येतो, दुसऱ्याची वळकटी अजून गरम असते. भिंतीवर ओळीने खिळे आणि एकेका खिळ्याला एकेकाची सगळी मालमत्ता. कोपऱ्यात फळीवर आमच्या देवाची तसबीर. खालच्या खानावळीत उकड्या तांदळाचा भात आणि बांगड्याचे तिखले मिळाले. बांगडा आमच्याकडल्यासारखा नव्हता. बर्फात झोपून आलेला. तरी दोनदा भात घेतला.

संध्याकाळी सगळे जमले. बाबी म्हणाला, "मामानू, नारळ आणलात, गाऱ्हाण्याचे मानकरीय तुमीच. आताच घालूया. सगळे हजर आसत."

"खंयच्या देवाच्या नावान घालू?" मी विचारले.

"आपल्या."

"आपल्याची हद्द व्हाळापर्यंत. गणू व्हाळात नाय." व्हाळ म्हणजे आमच्या शिवेवरचा ओढा.

"अहो, तो समुद्रात आसा. समुद्राक कसली शीव?"

"शीव नाय असा जगात कायेक नाय," मी म्हणालो. "तो कालवो कोणाचो, ता तरी कोण सांगतलो?"

तिथे वाद लागला. वर्तमानपत्र वाचणारे दोघेतिघे होते. एक म्हणाला, कालवा मिसरचा, कारण जमीन मिसरची. दुसरा म्हणाला, खणून काढला तो परदेशी कंपनीने, म्हणून इंग्रज आणि फ्रेंच चवताळले. तिसरा म्हणाला, जमीन कोणाची का असेना, जगाची जहाजे इतकी वर्षे तिथून जातात, ती वाट अडवता येत नाही.

मी म्हणालो, "ज्याची जमीन त्याची वाट. मिसरवाल्याने बरोबर केले."

मग बाबी हळूच म्हणाला, "मामानू, तुमी बोलतलातच. तेचो कालवो तसो तुमचो गडगो. फक्त तुमच्या गडग्यान वळसो पडता तो टेकडीक, आणि तेच्या गडग्यान पडता तो आफ्रिकेक."

सगळे हसले. मी हसलो नाही. मिसरवाल्याचे बरोबर होते, हे मी अजूनही म्हणतो. पण त्याचे बरोबर असले तर माझा पोरगा वळसा घालत होता हेही बरोबर, आणि या दोन बरोबर गोष्टी माझ्या डोक्यात एका जागी बसेनात. पंच्याची गाठ पुन्हा आवळली आणि आडवा झालो.

दुसऱ्या दिवशी बाबीने मला कोटातल्या, म्हणजे फोर्टमधल्या, एका कचेरीत सोडले आणि तो पाळीवर गेला. गणूच्या बोटीचा कारभार बघणारी ती कचेरी. पंखे फिरत होते आणि भिंतभर जगाचा नकाशा होता. तिथला कारकून गिरगावातला, चष्मेवाला तरुण. भाषा अगदी पुस्तकातली, पण माणूस चांगला. त्याने मला खुर्ची दिली.

"आजोबा, बोट सुरक्षित असावी," तो म्हणाला. "कालव्याच्या तोंडाजवळ पोचली होती, तिथून माघारी फिरवली. आता आफ्रिकेला पूर्ण वळसा घालून येते आहे. पश्चिमेच्या एका बंदरात तिने तेल घेतलं, तिथपर्यंत कळलंय. दक्षिणेच्या टोकाला अजून लागल्याची तार नाही."

"असावी म्हणजे काय? आहे की नाही?"

"तार आली की आहे म्हणेन."

"आज ती कुठे आहे?"

तो उठला आणि नकाशावर बोट ठेवले. निळ्या रंगावर. आजूबाजूला एक अक्षर छापलेले नव्हते. "इथे कुठेतरी."

"हे पाणी कोणाचे?"

त्याला वाटले मी काही वेगळे विचारतो आहे. मी पुन्हा विचारले. मग त्याने समजावून सांगितले, आणि तो समजावत गेला तसे मला कमी कमी समजत गेले. प्रत्येक देशाला आपल्या किनाऱ्यालगतचे थोडे पाणी असते. पूर्वीपासून तीन मैल.

"तीनच का?"

"जुन्या काळी तोफेचा गोळा तितका लांब जायचा, असं म्हणतात. जितकं राखता येईल तितकं तुमचं."

"आता तोफा लांब जात असतील."

"म्हणूनच तर भांडण आहे, आजोबा. आपल्या सरकारने यंदा सहा मैल केलेत. कोणी बारा म्हणतो. त्याहून जास्त म्हणणारेही आहेत. आता सगळे देश एकत्र बसून समुद्राचा कायदा लिहिणार आहेत म्हणे."

"लिहिला नाही अजून?"

"नाही."

"मग इतकी वर्षे बोटी चालल्या त्या कशावर?"

तो हसला. "वहिवाटीवर."

तो शब्द त्याने काढायला नको होता. मी विचारले, "आणि सहा मैलांच्या पलीकडे?"

"पलीकडे कोणाचंच नाही. म्हणजे सगळ्यांचं."

"कोणाचंच नाही की सगळ्यांचं? एक काय ते सांग."

त्याने चष्मा काढून पुसला. "दोन्ही म्हणतात," तो म्हणाला.

दोन्ही कसे असेल? कोणाचा नसलेला बैल आणि सगळ्या गावाचा बैल एक असतो काय? कोणाच्या नसलेल्याला कोणीही मारतो. सगळ्यांच्या बैलाला सगळे चारा घालतात, किंवा सगळे म्हणतात दुसऱ्याने घातला असेल. गणू यातल्या कुठल्या पाण्यावर होता? मला कळेना, आणि त्या पोरालाही कळत नव्हते. तार आली की कळवतो म्हणाला, वर मला गिरगावात आपल्या घराजवळच्या उपाहारगृहात नेऊन पियूष म्हणून एक गोड पेय पाजले. ताक आहे की श्रीखंड ते शेवटपर्यंत ठरवता आले नाही. त्या दिवशी सगळेच तसे होते.

बाबीच्याच खात्यात जाधव म्हणून एक आहेत, नायगावच्या बीडीडी चाळीत राहतात. त्यांच्या घरी रविवारी चहाला गेलो. थोड्याच दिवसांपूर्वी त्यांच्या घराने बौद्ध धर्म घेतला होता. भिंतीवरचे जुने देव उतरवलेले, त्या जागी चुना थोडा जास्त पांढरा दिसत होता. माणूस बोलायला मोकळा. बाबीने त्यांना माझी सगळी हकिगत सांगितली, थट्टा करतच सांगितली. पण जाधव हसले नाहीत.

"मामा, गाऱ्हाण्याचं मी काही बोलत नाही," ते म्हणाले. "आम्ही ते सोडलं. पण 'सगळ्यांचं' म्हणतात ना, तिथं जरा थांबून विचारा, सगळे म्हणजे कोण? माझ्या बापाच्या गावात तळं होतं. सगळ्यांचं. गुरं प्यायची, पाखरं प्यायची. माझा बाप काठावर उभा राहायचा, कोणी वरून ओतील म्हणून."

मी बशीतला चहा प्यायलो. आमच्या गावात तळे नाही, विहीर आहे. तिचे मी इथे काढत नाही.

जाधवांची बायको आतून म्हणाली, "अहो, म्हाताऱ्या माणसाचा मुलगा अडकलाय. तुम्ही तळी कसली काढताय?" आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "येईल हो तुमचा मुलगा. आगीपाशी काम करणारा माणूस पाण्याला भीत नसतो."

याला अर्थ काही नव्हता. पण मला बरे वाटले.

मग एका संध्याकाळी बाबी म्हणाला, "मामानू, गिरगावच्या चौपाटीर सभा आसा. चला. थंय समुद्रय आसा, तुमचो नारळ आसा, कायतरी एक होऊन जाऊ दे." ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. मुंबई महाराष्ट्राची की आणखी कोणाची, यावर आधीच्या वर्षभरात माणसे गोळ्या खाऊन मेली होती आणि आता मुंबईसकट दोन भाषांचे एक मोठे राज्य करून ठेवले होते. खोलीतला प्रत्येक जण त्यावर पेटलेला. मी विचार केला, मुंबई कोणाची हे तरी तिथे पक्के कळेल. मुंबई कळली की तिच्यापुढचे सहा मैल कळतील. निदान सहा मैलांपुरते नाव घेता येईल, मग तिथून पुढे बघू.

चौपाटीवर वाळू दिसत नव्हती इतकी माणसे. भाषण मला अर्धे ऐकू आले आणि अर्धे कळले. मी मात्र माणसांच्या कडेने पाण्याकडे सरकत होतो. तेवढ्यात एका हवालदाराने काठी आडवी धरली.

"ओ बाबा, गाठोड्यात काय? दगड?"

"नारळ."

"सगळे नारळच म्हणतात. सोडा बघू."

मी सोडला नाही. गाऱ्हाण्याचा नारळ मधेच कोणाला सोडून दाखवायचा नसतो. त्याने बाहेरूनच चाचपला. वाटोळा, कडक, हातात मावेल असा. दगडच वाटावा. भोवती माणसे जमली. कोणी ओरडले, "म्हाताऱ्याला सोडा!" हवालदाराच्या तोंडाला घाम सुटला. बाबी धावत आला आणि घाबरून गावच्याच बोलीत बोलला, "गाऱ्हाण्याचो नारळ आसा तो, साहेब! हेंचो झिल बोटीर अडाकलो आसा!"

हवालदाराने काठी खाली घेतली. त्याचा आवाजच बदलला. "खंयचे तुमी?"

आम्ही गाव सांगितले. तो आमच्या खाडीपलीकडचा निघाला. त्याच्या गावची जत्रा आमच्या नंतर दुसऱ्या दिवशी असते.

"मग हंय खंय घेऊन फिरतास?"

"हे पाणी कोणाच्या हद्दीत ते विचारतो आहे," मी म्हणालो.

त्याने एकदा सभेकडे बघितले, एकदा समुद्राकडे बघितले, आणि हळू आवाजात म्हणाला, "बाबानू, ता माका इचारू नका. माझी हद्द ह्या खांबापासून त्या खांबापर्यंत. तेच्या पलीकडचा माका कोण सांगत नाय."

गर्दीतला एक जण छातीवर हात मारून म्हणाला, "मुंबई आपली, बाबा! समुद्र पण आपला!"

"किती मैलांपर्यंत?" मी विचारले.

त्याला राग आला. त्याला वाटले मी दुसऱ्या बाजूचा.

नारळ मी तिथे सोडला नाही. ज्या किनाऱ्याचेच ठरलेले नाही त्याच्या पाण्याचे नाव कसे घेणार? माणसे समुद्राकडे पाठ करून उभी होती आणि सगळी मिळून एकाच आवाजात ओरडत होती. अंगावर काटा आला, ते खरे. ती माणसे ज्या गोष्टीसाठी ओरडत होती ती त्यांची होती. पण ती त्यांची आहे हे कोणी लिहून दिलेले नव्हते. बिनलिहिलेल्याला वहिवाट म्हणतात. आणि वहिवाटीविरुद्ध मी स्वतः कोर्टात जिंकलेलो आहे.

मी पुन्हा त्या कचेरीत गेलो. तार नव्हती. कारकून स्वतःच अस्वस्थ दिसला. दक्षिणेच्या टोकाला वारा फार असतो, उशीर होतो, असे म्हणाला. "आजोबा, तुम्ही घरी जा. इथे बसून बोट लवकर येत नाही. काही कळलं तर मी तार करीन, माझा शब्द."

त्याचा शब्द कुठल्या हद्दीपर्यंत चालतो, ते मी विचारले नाही.

परतीची आगबोट मिळाली. निघताना खोलीतले सगळे धक्क्यावर आले होते. कोणी थट्टा केली नाही, त्यावरून मला कळले की सगळे घाबरले आहेत. बाबीने माझ्या पाया पडताना पंच्यातल्या नारळालाही हात लावला.

आगबोटीचा सारंग (खलाशांचा मुकादम) रत्नागिरीकडचा मुसलमान, माझ्याच वयाचा, मेंदी लावलेली दाढी. मी त्याला म्हटले, "सहा मैल ओलांडले की मला सांग."

"का वो, भाऊ?"

सांगितले. तो कठड्याला टेकून खो खो हसला. "अवो, ही बोट बंदर बंदर करत जाते. हिला सहा मैल कसले? ही आईचा पदर धरून चालणारी बोट."

म्हणजे कोणाच्या नसलेल्या किंवा सगळ्यांच्या असलेल्या पाण्यापर्यंत मी पोचणारच नव्हतो. जन्मात कधी पोचलो नव्हतो. आणि माझा पोरगा त्याच्या मध्यावर होता, असावा.

सारंगाने माझे तोंड बघितले आणि हसणे आवरले. म्हणाला, "मी तो वळसा तरुणपणी घातलाय. लाट अशी येते की वाटतं डोंगर चालत आला. पण बोटी जातात. आमचा खलाशांचा नमाज असायचा. किनारा नाही, मशीद नाही. तेव्हा मालमाला (मालम म्हणजे जहाजाची दिशा ठरवणारा अधिकारी) विचारायचो, काबा कुणीकडे? तो बोट दाखवायचा, तिकडे तोंड करायचो. पाणी कोणाचं ते कोणी विचारलं नाही बाबा. दिशा तेवढी विचारली."

"आणि त्याने चुकीची दाखवली तर?"

"तर त्याच्या डोक्यावर," सारंग म्हणाला. "आमचं पोचलं."

हे मला पटले नाही. आजही पटत नाही. आमच्या गाऱ्हाण्यात असे चालत नाही. पण मी त्याला विचारले, "आफ्रिकेचे टोक कुणीकडे?" त्याने नैऋत्येला बोट दाखवले. तिकडे नुसते पाणी होते.

मी पंच्यातून नारळ सोडला, दोन्ही हातांत धरला आणि उभा राहिलो. आमच्या देवाचे नाव घेतले, शिवेचे घेतले, बाराच्या पूर्वसाचे (गाव वसवणाऱ्या मूळ पूर्वजाचे) घेतले. तिथपर्यंत तोंड आपोआप चालले. मग पुढचे नाव यायच्या जागी थांबलो. इतक्या वर्षांत मी तिथे कधी थांबलो नव्हतो. डेकवरची माणसे बघायला लागली होती. कोणीतरी मागून म्हणाले, "म्हणा, आजा, म्हणा."

तेव्हा मी म्हणालो, "आणि तिथून पुढच्या पाण्याचा जो कोणी धनी असशील, एक असशील, सगळे असशील, कोणीच नसशील, तुझी हद्द मला ठाऊक नाही, मी विचारून दमलो. माझा गणू तुझ्यात आहे. त्याला काढून दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" डेक उठला. बायका, बाप्ये, उलट्या करणारी माणसे. मी त्यांतल्या एकालाही ओळखत नव्हतो. सारंगाने तोंड दुसरीकडे केले होते, पण टोपी नीट केली.

नारळ पाण्यात टाकला. नारळ बुडत नाही. बोटीच्या मागे वर-खाली करत, नैऋत्येला जायचे सोडून, तो आपल्याच किनाऱ्याकडे निघाला.

घरी पोचलो. टेकडीला वळसा घालणारी माणसे लांबून दिसली, मी गडग्यावरून आलो. मंडळीने पाय धुवायला पाणी दिले. मी तिला सगळे सांगितले. तीन मैल, सहा मैल, तोफेचा गोळा, दोन्ही म्हणतात ते, सगळे. ती ऐकत होती आणि मासे चिरत होती.

मग म्हणाली, "मी तुमी गेल्यात त्याच दिवशी नारळ ठेवलंय."

"तू? कोणाच्या हद्दीत म्हणून ठेवलास?"

"हद्द कित्या व्हयी? आसा थंय सांभाळ, म्हटलंय."

मान आमच्या घराचा, आणि घरात ती येतच नाही असे कसे म्हणता येईल?

तार आली नाही. शिमग्याच्या आधी एका दुपारी गणूच आला. बंदरावर उतरला, डोक्यावर ट्रंक. टेकडीकडे वळलाच नाही. एवढ्या आफ्रिकेला वळसा घालून आलेला पोरगा, बापाच्या गडग्याला वळसा घालायला तयार नव्हता. ट्रंक आधी पलीकडे टाकली, मग स्वतः चढला, आणि गडग्याचे चारपाच चिरे घेऊन आमच्या अंगणात पडला. त्याची आई हसत होती की रडत होती ते मला कळले नाही.

जेवताना मी त्याला विचारले. इतके दिवस ज्यासाठी फिरलो ते. "गणू, तू त्या टोकावरून आलास. मोठ्या पाण्यातून आलास. ते पाणी कोणाचे वाटले तुला?"

त्याने भाताचा घास थांबवला. "माका काय ठावक, बाबा? मी सगळ्या वाटेन खाली बॉयलरपाशी होतंय. वर पाणी आसा का माती आसा, दिसता थंय?"

म्हणजे ज्याच्यासाठी विचारले त्यानेही ते बघितलेले नव्हते. मास्तर म्हणतात, प्रवासाच्या शेवटी काय शिकलो ते लिहावे. मी लिहितो. मिसरवाल्याची जमीन त्याचीच, हे माझे मत अजून आहे. सहा मैलांपलीकडचे मला अजून कळलेले नाही, आणि ज्यांना कळले असे वाटते त्यांनी मला येऊन सांगावे. घरी असतो.

गडग्याचे पडलेले चिरे मी पुन्हा रचले नाहीत. त्या जागी बेडे (सरकत्या दांड्यांचे फाटक) घातले आहे. वाडीतली माणसे आता तिथून येतात-जातात, ते मी बघतो. पण बेडे गुरांसाठी घातले आहे. कोणी दुसरा अर्थ काढू नये.